चहा-भाताची चव

जपानी चित्रपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम तलवार येते. कुरोसावांचे सामुराई, कोसळणारा पाऊस, चिखलातली झुंज, उधळलेले घोडे. ज्यांनी एकही जपानी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनाही एवढे ऐकून माहीत असते. परंतु त्याच देशात आणि त्याच काळात एक दिग्दर्शक असा होऊन गेला की, ज्याच्या चित्रपटांतली माणसे बहुधा जेवतात, चहा पितात, हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि घरातल्या मुलीच्या लग्नाची काळजी करतात. याहून अधिक काही घडत नाही असे म्हटले तरी चालेल. यासुजिरो ओझू हे त्यांचे नाव.

ओझूंनी पन्नासहून अधिक चित्रपट केले. त्यांपैकी मूकपटांच्या काळातले बरेचसे आज हरवले आहेत. जे उरले त्यांतले काही मी मोबाइलच्या लहानशा पडद्यावर, खाली उमटणारी इंग्रजी वाक्ये वाचत, मधूनमधून चित्र थांबवून शब्दकोश उघडत पाहिले. एक जपानी गृहस्थ आपल्या मुलीच्या स्थळाविषयी बहिणीशी हलक्या आवाजात बोलत आहे, हे दृश्य पाहताना मला परके असे काही वाटले नाही. तसले बोलणे मी भिंतीपलीकडून ऐकलेले आहे. नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. या माणसाने स्वतः कधी लग्न केले नाही आणि महाविद्यालयाची पायरीही तो चढला नाही. तरीही त्याच्या चित्रपटांत शिक्षण आणि लग्न हे दोनच विषय फिरून फिरून येतात.

१२ डिसेंबर १९०३ रोजी टोकियोच्या फुकागावा भागात यासुजिरोचा जन्म झाला. घरचा धंदा खतांच्या घाऊक व्यापाराचा. १९१३ साली वडिलांनी बायकोमुलांना आपल्या मूळ गावी, मिए प्रांतातील मात्सुसाका येथे पाठविले आणि स्वतः व्यापारासाठी ते टोकियोत राहिले. अशा रीतीने वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षापासून ऐन तारुण्यापर्यंत मुलाला आईचा सहवास अखंड लाभला आणि वडिलांचा जवळजवळ नाहीच. पुढे ज्याने बापाच्या मनाची इतकी चित्रे काढली, त्याच्या वाट्याला बाप असा लांबूनच आला होता.

शाळेत हा मुलगा काही फार गुणी नव्हता. चित्रपटांचे वेड मात्र लवकर लागले. १९१७ च्या सुमारास पाहिलेल्या 'सिव्हिलायझेशन' नावाच्या अमेरिकन चित्रपटाने दिग्दर्शक होण्याची इच्छा त्याच्या मनात रुजली. १९२० साली त्याला शाळेच्या वसतिगृहातून काढून टाकण्यात आले. खालच्या वर्गातल्या एका मुलाला प्रेमपत्र लिहिल्याचा ठपका त्याच्यावर होता. त्यानंतर शाळा संपेपर्यंत घरून आगगाडीने ये-जा करावी लागली. चरित्रकार हा प्रसंग एका परिच्छेदात उरकतात. मला मात्र तो विसरता येत नाही. ज्या माणसाच्या चित्रपटांत प्रेमाची कबुली तोंडाने कोणी सहसा देतच नाही, त्याच्या आयुष्यात प्रेमाविषयी लेखी म्हणून जे पहिले आले त्याची शिक्षा अशी चारचौघांत झाली होती. एकाचा दुसऱ्याशी कार्यकारणसंबंध जोडण्याचा अधिकार मला नाही. पण या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यावाचून पुढे जाववत नाही.

पुढे १९२१ साली कोबेच्या उच्च व्यापारी विद्यालयाची प्रवेशपरीक्षा झाली. तीत यासुजिरो नापास. दुसऱ्या वर्षी शिक्षकी पेशाच्या विद्यालयाची परीक्षा दिली, तीतही नापास. मग एका डोंगराळ खेड्यातल्या शाळेत बदली शिक्षक म्हणून त्याने काही महिने काढले. सुटीच्या दिवशी लांबचा रस्ता तुडवून तो चित्रपट पाहायला जात असे म्हणतात. १९२३ च्या वसंतात तो टोकियोला परतला. वडिलांचा विरोध होता, तो मोडून एका नातलगाच्या ओळखीने शोचिकू कंपनीच्या कामाता येथील स्टुडिओत कॅमेरा विभागात मदतनीस म्हणून ऑगस्टमध्ये लागला. नोकरीला जेमतेम महिना होतो तोच १ सप्टेंबरला तो प्रलयंकारी भूकंप झाला. टोकियो आणि योकोहामा जळाले. ओझू कुटुंबाचे घर गेले, माणसे सुदैवाने वाचली.

कॅमेऱ्याची पेटी वाहणारा हा पोऱ्या दिग्दर्शक कसा झाला याची हकिगत मजेदार आहे. मध्ये वर्षभर सक्तीची लष्करी नोकरी करून आल्यावर तो सहायक दिग्दर्शक झाला होता. १९२७ साली स्टुडिओच्या खानावळीत भुकेल्या पोटी करी-भाताची वाट पाहत असता कोणीतरी रांग मोडून पुढे घुसला. ओझूंनी त्याला ठोसा लगावला. प्रकरण स्टुडिओप्रमुख शिरो किदो यांच्यापर्यंत गेले, बोलावणे आले. ओझूंनी माफीनाम्याऐवजी आपण लिहिलेली पटकथा पुढे केली. किदोंना माणूस पसंत पडला. त्याच वर्षी ओझूंचा पहिला चित्रपट तयार झाला. त्याची पटकथा कोगो नोदा यांनी लिहिली होती. हेच नोदा पुढे त्यांचे जन्माचे सोबती झाले. हा पहिला चित्रपट आज कोठेही शिल्लक नाही.

त्यानंतरच्या काळातील दोन चित्रपटांची नावे तरी या अंकाच्या वाचकांना सांगितलीच पाहिजेत. १९२९ चा 'पदवी तर घेतली, पण...' आणि १९३० चा 'नापास तर झालो, पण...'. जगभर मंदीची लाट आली होती आणि जपानात पदवीधर बेकार फिरत होते. पहिल्या चित्रपटाचे नाव तर लोकांच्या तोंडी म्हणीसारखे बसले. त्याची आता दहा-बारा मिनिटेच उरली आहेत. दुसऱ्यात एक विद्यार्थी परीक्षेत कॉपी करण्यासाठी सदऱ्यावर उत्तरे लिहून ठेवतो आणि नेमका तोच सदरा धुलाईला जातो. तो नापास होतो, मित्र पास होतात. पण मित्रांना नोकरी मिळत नाही. नापास झालेल्याला निदान अजून वर्षभर घरून पैसे तरी येणार असतात. दोन प्रवेशपरीक्षांत आपटी खाल्लेल्या माणसाने हे हसत हसत केले आहे, आणि त्या हसण्यात कुठे कडवटपणा नाही.

१९३२, १९३३ आणि १९३४ अशी लागोपाठ तीन वर्षे त्यांच्या चित्रपटांना जपानमधील 'किनेमा जुंपो' या नामांकित नियतकालिकाने वर्षातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून निवडले. वडील १९३४ साली वारले. दोन वर्षांनी आलेला 'एकुलता एक मुलगा' हा ओझूंचा पहिला बोलपट. रेशमाच्या गिरणीत राबणारी एक विधवा आपल्या मुलाला शिकवते. घर विकते, जमीन विकते. तेरा वर्षांनी ती त्याला भेटायला टोकियोला येते तेव्हा मुलगा रात्रशाळेत मास्तर झालेला असतो, शहराच्या कचऱ्याच्या भट्ट्यांजवळ राहत असतो, आणि आईला चार दिवस फिरविण्यासाठी त्याला उसने पैसे घ्यावे लागतात. आई त्याला तोंडावर रागावते, मग त्याच्या एका चांगल्या कृतीचे मनापासून कौतुक करते, गावी परत जाते, मैत्रिणीला मुलगा फार मोठा झाला असे सांगते, आणि गिरणीच्या मागच्या अंगणात एकटीच बसते. आमच्या घरात पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. माझ्यासाठी काय विकले गेले ते मला ठाऊक आहे. त्यामुळे हा चित्रपट मी एकदाच पाहिला. पुन्हा लावण्याचे धाडस झाले नाही.

सप्टेंबर १९३७ मध्ये ओझूंना चीनच्या आघाडीवर धाडण्यात आले. त्यांची तुकडी विषारी वायूची अस्त्रे हाताळणारी होती. १९३८ चे बरेच महिने ते नानजिंगमध्ये होते. त्याच वर्षी सादाओ यामानाका हा त्यांचा तरुण आणि अतिशय बुद्धिमान दिग्दर्शक मित्र चीनमध्येच आजारपणात गेला. जुलै १९३९ मध्ये ओझू सुखरूप परतले. नानजिंगमध्ये जपानी सैन्याने काय केले हे आज सर्वांना ठाऊक आहे. पुढे ओझूंच्या चित्रपटांत युद्धात हरवलेले मुलगे येतात, विधवा सुना येतात, बॉम्बहल्ल्यांनंतरच्या वस्त्या येतात. चिनी माणूस मात्र येत नाही. ज्या माणसाच्या नजरेतून घरातली साधी किटलीही सुटत नव्हती, त्याच्या नजरेतून हे सुटले असेल असे मला वाटत नाही. ते त्यांनी बाजूला ठेवले. त्यांच्यावर कितीही लोभ जडला तरी ही गोष्ट मला खटकते, आणि ती लिहून ठेवणे भाग आहे.

परत आल्यावर त्यांनी पहिली पटकथा लिहिली ती 'चहा-भाताची चव'. जपानीत तिचे नाव 'ओचाझुके नो आजी'. ओचाझुके म्हणजे भातावर गरम हिरवा चहा ओतून लोणच्याबरोबर खायचा अगदी साधा पदार्थ. घाईच्या वेळी, रात्री उशिरा भूक लागली म्हणजे करायचा. आपल्याकडे दहीभाताची जी जागा, तीच त्याची. श्रीमंत घरातून आलेली, नवऱ्याच्या साधेपणाला नाक मुरडणारी बायको, आणि उद्या आघाडीवर निघालेला नवरा. आदल्या रात्री दोघे बसून हा चहा-भात खातात, अशी ती कथा होती. सरकारी परीक्षकांनी आक्षेप घेतला. लढाईवर जाणाऱ्या वीराच्या ताटात मंगलप्रसंगाचा लाल चवळीचा भात हवा. चहा-भात कसला वाढता, असा त्यांचा मुद्दा. ओझूंनी ताटातला पदार्थ बदलला नाही. पटकथा मिटून ठेवली ती बारा वर्षे. युद्धकाळात सरकारशी भांडणारे कलावंत जगात पुष्कळ झाले असतील. वाटीभर भातावर अडून बसलेला हा एकच माझ्या माहितीत आहे.

१९४३ साली त्यांच्या आयुष्याचा धागा अनपेक्षितपणे आपल्या देशाशी जोडला गेला. लष्कराने त्यांना प्रचारपट करण्यासाठी सिंगापूरला पाठविले. विषय होता नेताजी सुभाषचंद्र बोस आणि हिंदी स्वातंत्र्याचा लढा. चित्रपटाचे नाव 'दिल्लीकडे, दिल्लीकडे', म्हणजे आपले 'चलो दिल्ली'च. सिंगापुरात ओझूंची खोली कॅथे इमारतीत पाचव्या मजल्यावर, समुद्राकडे तोंड करून होती. त्याच इमारतीतल्या चित्रपटगृहात २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. असा हा योग. पण ओझूंचे मन त्या कामात रमलेले दिसत नाही. ते वाचन करीत, टेनिस खेळत आणि शत्रूकडून जप्त झालेले अमेरिकन चित्रपट पाहत. 'सिटिझन केन' त्यांनी तेथेच पाहिला आणि ते थक्क झाले. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला तेव्हा त्यांनी पटकथा आणि घेतलेले सारे चित्रण नष्ट केले. नेताजींवरील ओझूंचा चित्रपट कसा झाला असता, हा प्रश्न त्यामुळे कायमचा निकालात निघाला. युद्धानंतर ते छावणीत राहिले, रबराच्या मळ्यात काम केले. मायदेशी जाणाऱ्या पहिल्या बोटीत त्यांच्या पथकातील सर्वांना जागा नव्हती. चिठ्ठ्या टाकल्या, ओझूंची चिठ्ठी निघाली, आणि घरी जायला उतावीळ झालेल्या दुसऱ्याला त्यांनी आपली जागा दिली. ते स्वतः परतले फेब्रुवारी १९४६ मध्ये.

यानंतरची सतरा वर्षे म्हणजे ज्यांच्यामुळे आज आपण ओझूंचे नाव घेतो ती वर्षे. पहिले दोन चित्रपट चाचपडण्यात गेले. १९४९ साली कोगो नोदा पुन्हा जोडीला आले आणि 'सरता वसंत' झाला. यापुढे ओझूंची प्रत्येक पटकथा दोघांनी मिळून लिहिली. समुद्रकाठच्या चिगासाकी गावी एका जुन्या धर्मशाळावजा हॉटेलात, आणि पुढे तातेशिनाच्या डोंगरात नोदांच्या बंगल्यात, दोघे महिनोन्‌महिने मुक्काम ठोकत. फिरायला जात, झोपत, साके पीत आणि संवाद लिहीत. 'टोकियोची कहाणी'ची पटकथा पुरी होण्यास १०३ दिवस आणि साकेच्या ४३ बाटल्या लागल्या, असा हिशेब ठेवलेला आहे. (आमच्या प्राध्यापकांनी यातली फक्त दिवसांची संख्या लक्षात घ्यावी.)

'सरता वसंत' ही नोरिको नावाच्या सत्तावीस वर्षांच्या मुलीची गोष्ट. कामाकुरा गावी ती आपल्या विधुर, प्राध्यापक वडिलांबरोबर सुखाने राहते. युद्धकाळातल्या सक्तीच्या कामाने तिची प्रकृती ढासळली होती, ती आता कुठे सावरली आहे. आत्या स्थळ आणते. नोरिकोला लग्न नको आहे. आहे तेच तिला हवे आहे. तेव्हा वडील खोटेच सांगतात की आपण दुसरे लग्न करणार आहोत. मुलगी आतून मोडते आणि होकार देते. लग्नाआधी बापलेक क्योटोला जाऊन येतात. तेथे ती शेवटचे एकदा विनवते, आणि वडील तिला समजावतात की सुख आयते मिळत नसते, दोघांनी वर्षानुवर्षे खपून ते घडवायचे असते. मग नवरीचा पोशाख. मग रिकामे घर, आणि एकटे बसून सफरचंद सोलणारा बाप. ही भूमिका चिशू रियू यांनी केली. शेवटी ढसढसा रडावे असे ओझूंनी सुचविले होते. ते आपल्याला जमणार नाही असे रियूंनी सांगितले. म्हणून पडद्यावर दिसते ती फक्त खाली गेलेली मान. नोरिको झाली होती सेत्सुको हारा. नवरामुलगा मात्र संपूर्ण चित्रपटात एकदाही दिसत नाही. तो गॅरी कूपरसारखा दिसतो एवढेच आत्याकडून कळते.

हा चित्रपट पाहून मला रडू आले आणि रागही आला. रडू बापासाठी, राग मुलीसाठी. बापाचे दुःख दिसावे म्हणून कॅमेरा घरात थांबला. नोरिको ज्या घरी गेली तेथे तो का गेला नाही? तिचे पुढे काय झाले? स्थळ पाहण्याचे दिवस ज्या मुलींच्या घरात सुरू झाले आहेत त्यांना हा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. वर्गातल्या दोघीतिघींना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनीही आधी नवऱ्याचेच विचारले.

ओझूंनाही हा प्रश्न पडला असावा. कारण दोनच वर्षांनी, १९५१ मध्ये, त्यांनी त्याच सेत्सुको हाराला पुन्हा नोरिको हेच नाव देऊन निराळी कथा मांडली. जपानीत तिचे नाव 'बाकुशू', म्हणजे शेतात सातूचे पीक पिकून पिवळे होते ते उन्हाळ्याच्या तोंडाचे दिवस. ही नोरिको नोकरी करते. घरच्यांनी चाळिशीचा, चांगल्या हुद्द्याचा वर पाहून ठेवला आहे. शेजारी एक विधुर डॉक्टर आहे. त्याला लहान मुलगी आहे आणि त्याची बदली दूर उत्तरेला आकिता येथे झाली आहे. त्याची म्हातारी आई एका संध्याकाळी सहज, खुळी आशा म्हणून, तू माझी सून झाली असतीस तर बरे झाले असते असे बोलून जाते. नोरिको क्षणभर थांबते आणि हो म्हणते. म्हातारीला आनंदाने काय करावे कळत नाही. ती तिला गोड पाव खायला देऊ करते! ज्याच्याशी लग्न ठरले तो त्या वेळी घरातही नाही. साऱ्या चित्रपटात प्रेमाचा एक शब्द नाही, आणि तरी मी पाहिलेल्या प्रेमकथांत याइतकी मला पटलेली दुसरी नाही. घरचे रुसतात, रडतात. तिच्या पगारावर चालणारे ते एकत्र कुटुंब विखुरते. तिच्या निर्णयाची किंमत ओझू लपवीत नाहीत. पण निर्णय तिचा आहे.

आणि मग १९५२ साली मिटून ठेवलेली ती पटकथा बाहेर निघाली. युद्ध आता संपले होते, तेव्हा नवरा आघाडीवर न जाता कंपनीच्या कामाने उरुग्वे देशाला निघाला. भात मात्र तोच राहिला. ताएको ही बायको थोरामोठ्यांच्या घरची. नवरा मोकिची हा खेड्याकडचा, मनाने सरळ, स्वस्त सिगारेट ओढणारा, आगगाडीच्या खालच्या वर्गात बसणे पसंत करणारा. भातावर सार ओतून तो भुरके मारतो, याची तिला किळस येते. ती मैत्रिणींबरोबर खोटे बोलून सहलींना जाते आणि नवऱ्याची टिंगल करते. दुसरीकडे त्यांची भाची सेत्सुको. हिला वर पाहण्यासाठी काबुकी नाट्यगृहात नेतात, तर ती तेथून पळ काढते. ताएकोचा संसार समोर पाहून ठरवून केलेल्या लग्नावरचा तिचा विश्वास उडाला आहे.

नवऱ्याला निरोप द्यायला ताएको जात नाही. पण यंत्रातील बिघाडामुळे विमान परत येते आणि मोकिची मध्यरात्री घरी उभा राहतो. त्याला भूक लागली आहे. मोलकरीण झोपली आहे. नवराबायको स्वयंपाकघरात जातात आणि लक्षात येते की आपल्याच स्वयंपाकघरात कोठे काय आहे हे दोघांनाही ठाऊक नाही. दिवा लावतात, भांडी शोधतात, लोणच्याच्या बरणीत हात घालतात. ती कापू लागते, तो तिची बाही वर धरतो. हाताला येणाऱ्या लोणच्याच्या वासावर दोघे हसतात. मग समोरासमोर बसून चहा-भात खातात. संसार म्हणजे या चहा-भातासारखी गोष्ट आहे, असे काहीसे तो तिला सांगतो, आणि ती क्षमा मागते. एवढा प्रसंग ओझूंनी कसलीही घाई न करता दाखविला आहे. पुढे त्यांनी स्वतःच हा चित्रपट आपल्याला नीट साधला नाही असे मत दिले, आणि त्यात तथ्य आहे. मैत्रिणींच्या गप्पा लांबल्या आहेत, आणि सारी माफी बायकोनेच का मागायची हेही विचारता येईल. नवऱ्याचा कमी बोलण्याचा स्वभाव कधी कधी सोयीचाही असतो. पण ते स्वयंपाकघर मी विसरू शकत नाही. माझ्या आईने वडिलांना आजवर कधी नावाने हाक मारलेली नाही. ते कामावरून उशिरा आले की ती उठते, आणि पातेल्याचा आवाज होतो. त्या आवाजाला काय म्हणायचे हे मला अगोदर ठाऊक नव्हते.

हे सारे ओझू दाखवितात कसे, याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. त्यांचा कॅमेरा जमिनीपासून दोन-तीन फुटांवर असतो. चटईवर बसलेल्या माणसाकडे चटईवरूनच पाहावे तसा. त्यासाठी युहारू आत्सुता हे छायाचित्रकार जवळजवळ जमिनीवर आडवे होऊन काम करीत. कॅमेरा सहसा हलत नाही. माणसे खोलीतून निघून गेली तरी तो लगेच उठून त्यांच्यामागे धावत नाही; रिकामी खोली, दोरीवरचे कपडे, धुराडी, दूरची आगगाडी यांच्याकडे क्षणभर पाहत राहतो. सुरुवातीस मला कंटाळा आला. दुसऱ्या-तिसऱ्या चित्रपटापासून त्या रिकाम्या खोल्यांचीच वाट पाहू लागले.

१९५३ च्या 'टोकियोची कहाणी'विषयी इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थोडक्यात आटोपते. ओनोमिचीचे वृद्ध आईबाप टोकियोला मुलांकडे येतात. मुलांना वेळ नाही. वेळ असतो तो युद्धात गेलेल्या मुलाच्या विधवा बायकोला. घरी परतताच आई मरते. वृद्ध बाप झालेले चिशू रियू त्या वेळी पन्नाशीलाही पोहोचले नव्हते. २०१२ साली ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला तेव्हा या चित्रपटाला पहिला क्रमांक मिळाला. ओझू हयात असताना पाश्चात्त्यांना त्यांची ओळख फारशी नव्हती. हे चित्रपट फारच जपानी आहेत, बाहेर कोणाला कळणार नाहीत, अशी खुद्द जपानी कंपन्यांची समजूत होती.

मला त्याहून जवळचा वाटतो १९५९ चा रंगीत 'ओहायो'. ओहायो म्हणजे आपले सकाळचे राम राम. दोन लहान भाऊ घरात टेलिव्हिजन घ्या म्हणून हट्ट धरतात. फार बोलता म्हणून वडील दटावतात, तेव्हा थोरला उलट सुनावतो की मोठी माणसेच निरर्थक बोलतात. भेटले की नमस्कार, आज हवा छान आहे, कोठे निघालात, हे सारे कशाला? आणि दोघे मौन धरतात. शाळेतही बोलत नाहीत. त्यातून शेजारपाजारी भलतेच गैरसमज होतात. (या मुलांचा आपसांत एक खेळही आहे, तो येथे छापण्याजोगा नाही; पण तो ओझूंनी दाखविला आहे.) मुलांना शिकविणारा एक तरुण आहे आणि मुलांची मावशी आहे. दोघांना एकमेकांविषयी ओढ आहे, हे त्यांच्याखेरीज सर्वांना कळते. शेवटी दोघे सकाळी आगगाडीच्या फलाटावर भेटतात. बोलायचे ते एकच. पण बोलणे होते ते हवेविषयी आणि आकाशातल्या एका ढगाच्या आकाराविषयी. हवा छान आहे. खरेच, छान आहे. तो ढग पाहिलात? गाडी येईपर्यंत हेच चालते. मुलांनी ज्या बोलण्याला निरर्थक ठरविले होते, तेच बोलणे या फलाटावर काय काम करते हे ज्याला दिसले त्याला ओझू कळले असे मी म्हणेन.

१९५२ पासून ओझू आईला घेऊन किता-कामाकुरा येथे राहत होते. लग्न त्यांनी केले नाही. सेत्सुको हारांशी त्यांचे नाव जोडण्याचा उद्योग चित्रपटसृष्टीतल्या लोकांनी केला. त्याला आधार काही नाही, म्हणून येथे तो वाढवीत नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये आई वारली. ओझू त्या वेळी तातेशिनाच्या डोंगरात नोदांबरोबर नवी पटकथा लिहीत होते. आईचे सारे उरकून ते परत तेथे गेले आणि लिहिणे पुढे सुरू झाले. त्यातून झालेला 'सान्मा माशाची चव' हा त्यांचा अखेरचा चित्रपट. पुन्हा विधुर बाप, पुन्हा लग्नाची मुलगी. आरमारातला जुना अधिकारी असलेला हा बाप दारूच्या गुत्त्यात आपल्या जुन्या खलाशाला, आपण युद्ध हरलो तेच बरे झाले असे शांतपणे म्हणतो. शेवटी मुलीला पाठवून, थोडी पिऊन तो घरी येतो, अंधाऱ्या स्वयंपाकघरात जातो आणि किटलीतून स्वतःच ओतून घेतो.

१९६३ च्या वसंतात ओझूंच्या मानेतील गाठीवर शस्त्रक्रिया झाली. कर्करोग होता. त्याच वर्षी १२ डिसेंबरला ते गेले. तो त्यांचा साठावा वाढदिवस होता. जपानात साठ वर्षे पुरी होणे म्हणजे आयुष्याचे एक चक्र पूर्ण होणे मानतात आणि तो दिवस समारंभाने साजरा करतात. सेत्सुको हारा यानंतर चित्रपटांत दिसल्या नाहीत. त्या कामाकुरातच, कोणालाही मुलाखत न देता राहिल्या आणि २०१५ साली वारल्या.

किता-कामाकुराच्या एन्गाकुजी मंदिराच्या आवारात ओझूंची समाधी आहे. दगडावर त्यांचे नाव नाही. 'मू' हे एकच अक्षर कोरलेले आहे. त्याचा अर्थ शून्य, काही नसणे. चीनमध्ये सैनिक असताना हे अक्षर त्यांनी नानजिंगच्या एका भिक्षूकडून लिहून घेतले होते असे सांगतात. लांबून येणारे लोक नाव नसतानाही ती समाधी शोधून काढतात आणि दगडापुढे साकेच्या बाटल्या ठेवून जातात.